नाना, तुम्ही मत दिलं होतं

नाना, परवा रविवारी देवळाच्या हॉलमध्ये तुमची सभा झाली. सगळे तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलले, आणि मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, सुनेला सासऱ्याचं केवढं दुःख. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. दुःख होतंच, ते नाकारत नाही. पण मान खाली होती ती लाजेने, आणि हे त्या शंभरेक माणसांत एकालाही कळलं नाही.

मंडळाचा दीपक माइक घेऊन उभा राहिला. तुम्हाला तो कधीच आवडला नाही. "नाना म्हणजे आपले सायलेंट हिरो होते यार," तो म्हणाला. "तिकडे साउथ आफ्रिकेत..." मागून कुणीतरी "ऱ्होडेशिया, ऱ्होडेशिया" म्हणालं. "हां, तेच ते. गोऱ्यांच्या इलेक्शनवर बॉयकॉट टाकला त्यांनी. तेवीस वर्षांचे असताना! आपल्यातल्या कितीजणांनी हे केलं असतं, टेल मी?" लोक टाळ्या वाजवायला लागले, मग शोकसभा आहे हे आठवून थांबले.

मग सिबो उठली. तुमची सिबोंगिले, जी चार महिने रोज सकाळी तुमची आंघोळ, खाणं, कूस बदलणं सगळं करायची. चर्चला जाताना घालते तो निळा ड्रेस घालून आली होती. ती इंग्रजीत म्हणाली, "मी तिथलीच, बुलावायोची. माझे आजोबा त्या निवडणुकीत घरी बसले होते. आजी सांगायची, त्या दिवशी इंडियन दुकानदार गाड्यांतून मत द्यायला गेले आणि आमची माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. त्यातला एक जण गेला नव्हता, हे मला इथे श्रूजबरीत येऊन कळलं." ती रडली. माझ्या शेजारी तुमची नात रिया रडली. तुमचा मुलगा मिलिंदही रडला, तुम्हाला अग्नी देतानासुद्धा जो रडला नव्हता.

तुम्ही गेला होतात, नाना. गाडीत बसून गेला होतात. त्या हॉलमध्ये हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही ते मिलिंदलाही कधी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंत, कारण तुम्हाला वाटलं, ही तोंडाने फटकळ आहे, पण खोटी नाही. निम्मं बरोबर होतं तुमचं.

आपलं काही पहिल्यापासून जमलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर तुम्ही पुण्याचं बिऱ्हाड मोडून अमेरिकेत आमच्याकडे आलात, तेव्हा रिया लहान होती आणि मी एच-फोर व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही म्हणून घरात अडकलेली. त्यात तुम्ही. दिवसभर दोघं एका घरात. मी थर्मोस्टॅट वाढवायचा आणि तुम्ही कमी करायचा. तुम्ही पोळी मोजून खायचात आणि मला वाटायचं, मला सुनावण्यासाठी मोजताय. सात वर्षांनी मला कामाची परवानगी आली, इंटरव्ह्यू ठरला, आणि आदल्या दिवशी मी पॅन्ट घालून बघितली तर तीन इंच लांब. मी रडायलाच बसले. तुम्ही काही न बोलता ती पॅन्ट घेऊन गेलात. सकाळी इस्त्री करून दाराच्या मुठीला टांगलेली होती. कंबरही बसत नव्हती, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही नुसतं बघून ती आत घेतली होती. त्या नोकरीत मी अजून आहे.

तुम्ही माणसाला आधी मापाने ओळखायचात. वुस्टरला ग्रोसरीच्या रांगेत उभं असताना माझ्या कानाशी येऊन म्हणायचात, "पुढच्या माणसाचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय. त्याला आजवर कुणी सांगितलं नसेल." मला हसू आवरायचं नाही. रेडीमेड सूट घातलेला मंडळाचा प्रत्येक अध्यक्ष तुम्ही नजरेने उसवून पुन्हा शिवलेला आहे.

आता त्या दिवसाबद्दल. इथली निवडणूक होती. मी मत देऊन, कोटावर 'आय व्होटेड'चा स्टिकर लावून घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसून रियाच्या जीन्सला टीप मारत होतात. मी म्हटलं, "नाना, चला, अजून वेळ आहे, मी नेते." तुम्ही म्हणालात, पाय दुखतात. मी म्हटलं, "ग्रोसरीला जाताना नाही दुखत. सिटिझन होऊन चार वर्षं झाली तुम्हाला. एकदाही मत दिलं नाहीत. लोक या हक्कासाठी जिवावर उदार होतात आणि तुम्ही..." बराच वेळ माझा पट्टा चालू होता. तुम्ही सुई सुयांच्या उशीत खोचलीत आणि म्हणालात, "बस खाली. एकदा दिलंय मी मत. त्यानंतर हात धजत नाही."

तुम्ही सांगितलंत ते मी जसंच्या तसं इथे लिहिते आहे. एकदा तरी जसंच्या तसं लिहायला हवं.

तुमचे वडील चिपळूणहून बुलावायोला गेले, एका गुजराती शेटच्या कपड्याच्या दुकानात कटर म्हणून. पुढे स्वतःचं शिंप्याचं दुकान काढलं. तुमचा जन्म तिथलाच, पुण्याला आलात ते पुष्कळ नंतर. दुकानाची रीत अशी, की समोरच्या खोलीत गोरं गिऱ्हाईक आलं की माप तुम्ही घ्यायचं, कारण काळ्या माणसाचा हात त्यांच्या अंगाला लागलेला चालत नसे. आकडे तुम्ही मोठ्याने म्हणायचे. पडद्यामागे मशिनवर जोसेफ बसलेला असायचा. तो ते ऐकून कापड आखायचा, कापायचा आणि शिवायचा. गावातल्या बड्या गोऱ्यांची शरीरं त्याला पाठ होती आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा त्याने धड पाहिलेला नव्हता. तुम्हाला कोटाची बाही बसवायला त्यानेच शिकवलं. तुमच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठा. त्याला तुम्ही जोसेफ म्हणायचात आणि तो तुम्हाला 'छोटा बॉस'. हे सांगताना तुम्ही थांबलात. मला वाटलं, पाणी हवंय.

वसाहत ब्रिटिशांची, पण कारभार तिथल्या गोऱ्यांच्याच हातात. बासष्ट साली निवडणूक आली. मतदारांच्या दोन याद्या. वरच्या यादीत बहुतेक सगळे गोरे आणि आपल्यासारखे थोडे दुकानदार. खालच्या यादीत काळे, तेही ठरावीक शाळा शिकलेले आणि ठरावीक मिळकत असलेले, आणि त्यांच्या मतांना वजन नावापुरतं. जोसेफ मिशनच्या शाळेत शिकलेला, खालच्या यादीत त्याचं नाव लागू शकत होतं. पण त्याच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, या निवडणुकीत भाग घ्यायचा नाही. तो नाव लावायला गेला नाही. मग एक दिवस कापड आखता आखता तो तुम्हाला म्हणाला, "छोटा बॉस, तुमचं नाव वरच्या यादीत आहे. तुम्ही पण जाऊ नका. तुम्ही गेला नाहीत तर माझ्या लोकांना सांगता येईल, की एक जण तरी गेला नाही." तुम्ही कापायच्या टेबलावर हात ठेवून म्हणालात, "नाही जाणार."

उभा राहिलेला उमेदवार दुकानाचं गिऱ्हाईक. गोऱ्यांच्या सगळ्यांत कडव्या पक्षाचा. ज्या सूटमध्ये तो भाषणं करत फिरला तो तुम्ही मापलेला आणि जोसेफने शिवलेला. मतदानाच्या दिवशी त्याने इंडियन दुकानदारांसाठी गाडी पाठवली. तुमचे वडील म्हणाले, "काळ्यांचं राज्य आलं तर आधी आपलं दुकान जाईल. चल." तुम्ही गेलात. आणि मत ज्याला द्यायला नको होतं त्यालाच दिलंत.

इथवर मी ऐकून घेतलं होतं. पुढचं ऐकताना मला जागेवर बसवेना. तुम्ही परत आलात, तेव्हा जोसेफ मशिनवर होता. त्याने विचारलं, "गेला होतात?" तुम्ही म्हणालात, "नाही." त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला आणि आपल्या वस्तीत जाऊन सांगितलं. दोन दिवसांनी त्याच्या बायकोने तुमच्यासाठी उकडलेल्या शेंगांची पिशवी पाठवली. "चवीला चांगल्या होत्या," तुम्ही मला म्हणालात. "सगळ्या खाल्ल्या मी. पुढच्या वर्षी तो काम सोडून गेला. कुठे, ते कळलं नाही. त्याला कधीतरी खरं कळलं का, तेही कळलं नाही." आणि पुन्हा जीन्स हातात घेतलीत.

मी म्हटलं, "नाना, साठ वर्षं झाली त्याला. लहान होतात तुम्ही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तेवीस वर्षांचा माणूस लहान नसतो." आपला वाद तिथेच राहिला. मला खरंच वाटत होतं, की म्हातारा माणूस उगाच स्वतःला छळतोय.

वर्षभराने रियाचे कॉलेजचे अर्ज सुरू झाले. तुम्हाला ते दिवस आठवतील, घरात कुणाला जोरात शिंकायची सोय नव्हती. प्रत्येक अर्जासोबत निबंध लागतो, आणि मुलगी रोज येऊन म्हणायची, "आई, एव्हरीबडी हॅज अ स्टोरी. आपल्या फॅमिलीत काहीच कसं नाही? वी आर सो बोरिंग." पलीकडच्या गल्लीतल्या मुलाने युद्धातून पळालेल्या आजीवर लिहिलं होतं. आमच्याकडे काय? पुण्याचे इंजिनियर, नाशिकचे बँकवाले. मी भाजी चिरत होते. म्हटलं, "आजोबांवर लिही. तुला माहितीये, आजोबांनी आफ्रिकेत काय केलं होतं?"

आणि मी सांगितलं. दुकान सांगितलं, पडदा सांगितला, जोसेफ सांगितला, टेबलावर हात ठेवून दिलेला शब्द सांगितला. गाडी सांगितली नाही. गाडी आली आणि आजोबांनी बसायला नकार दिला, असं सांगितलं. तोंडातून ते इतक्या सहज निघालं, की मलाच आश्चर्य वाटलं. खरं सांगितलं तर कॉलेजवाले काय म्हणतील, हा एकच विचार डोक्यात होता. वर्णद्वेष्ट्या पक्षाला मत देणाऱ्याची नात? रिया तोंड उघडं टाकून बघत होती. "ओ माय गॉड, आई. मी त्यांचा इंटरव्ह्यू घेऊ?" मी म्हटलं, "नको. त्यांना त्या दिवसांचा त्रास होतो. मीच सांगते सगळं." पुढे चार रात्री बसून मी तो निबंध तिच्याकडून घासून घेतला. तुमच्या नातीला हवं ते कॉलेज मिळालं. नुसत्या निबंधाने मिळालं असं नाही, मार्क होते तिचे. असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

तुम्हाला कळलं ते तिच्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशन पार्टीत. आपल्याच बॅकयार्डमध्ये, दीपकने समोशाची प्लेट हातात घेऊन तुमच्या पाठीवर थाप मारली. "नाना, रियाचा एसे वाचला. क्या बात है! शिंप्याच्या दुकानातला सत्याग्रही!" मंडळाच्या अंकात तुमच्या फोटोसकट तो छापायचं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी लगेच कुणाला तरी चटणी वाढायला गेले.

सगळे गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही हळू बोललात. "साठ वर्षं जपलेली माझी लाज होती ती. माझ्याकडे जोसेफचं दुसरं काही नाही. तीही तू मला ठेवली नाहीस." माझ्या तयार उत्तरांतलं एकही तिथे चाललं नाही. तरी मी फटकन बोललेच, "नातीचं भलं झालं ना, नाना? तुमचं काय गेलं?" तुम्ही म्हणालात, "तिला खरं सांग." मी म्हटलं, "सांगते."

सांगते म्हटलं. कॉलेज सुरू होऊ दे, मग. तिची पहिली परीक्षा होऊ दे, मग. थँक्सगिव्हिंगला येईल तेव्हा समोर बसवून सांगू. तुम्ही दर दोन आठवड्यांनी विचारायचात, "सांगितलंस?" आणि मी म्हणायचे, "नाना, मागे लागू नका, सांगणार आहे." मग ऑक्टोबरमध्ये तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि वाचा आलीच तर आधी आईची भाषा येईल, हेही. नाना, हे आज लिहायलाच हवं. हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये मला रडू फुटलं आणि त्या रडण्यात कुठेतरी सुटकाही होती. आता 'सांगितलंस?' असं विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. अशी बाई आहे मी.

सिबो आली. एजन्सीने पाठवली, नशिबाने नेमकी बुलावायोची. पहिल्या दिवशी तिने गावाचं नाव घेतलं तेव्हा तुमचे डोळे कसे झाले, ते मी विसरणार नाही. ती तुम्हाला 'बाबामखुलू' म्हणायला लागली, म्हणजे आजोबा. तिच्या हातचं तुम्ही दोन चमचे जास्त खायचात, आणि मला त्याचा रागही यायचा.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी रिया तुमच्या पलंगावर बसली होती. सिबो टॉवेलच्या घड्या घालत होती. मी दारात. रिया म्हणाली, "सिबो, डू यू नो व्हॉट ही डिड? इन युअर टाउन?" आणि तिने सगळं सांगितलं, दुकान, पडदा, शब्द, गाडी. बसायला दिलेला नकार. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. सिबोने टॉवेल खाली ठेवला. पलंगापाशी येऊन गुडघा वाकवला आणि तुमचा हात दोन्ही हातांत घेतला. "थँक यू, बाबामखुलू," ती म्हणाली.

न केलेल्या गोष्टीबद्दल कुणीतरी तुमचे दुसऱ्यांदा आभार मानत होतं. शेंगांची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली, तुमच्या तर आलीच असणार. तुमचं तोंड वाकडं व्हायला लागलं, लाळ आली, डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि महिनाभर ज्या तोंडातून धड शब्द निघाला नव्हता त्यातून निघाला. "ना... ही. मी... मत... दिलं." पुन्हा. "मत दिलं." रियाचं मराठी जेवणाखाण्यापुरतं, त्यात तुमचे शब्द तुटलेले, तिला काही कळलं नाही. मला कळलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. सिबोने विचारलं, "व्हॉट इज ही सेइंग?"

मी म्हटलं, "ही इज सेइंग थँक यू. ही इज सेइंग थँक यू टु यू."

अडखळले नाही मी, नाना. आवाज कापला नाही. तुम्ही डाव्या हाताने माझी बाही धरलीत. त्या हातात जोर नव्हता, तो मी अलगद सोडवला. तुमचं तोंड पुसलं आणि मराठीत म्हटलं, "असू दे नाना आता." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्यानंतर माझ्याशी बोलायचा प्रयत्न तुम्ही एकदाही केला नाहीत. मी समोर आले की भिंतीकडे बघायचात. मिलिंद म्हणायचा, "ही इज टायर्ड." मी म्हणायचे, हो. फेब्रुवारीत, बाहेर सहा इंच बर्फ असताना, तुम्ही सकाळी गेलात. मी ऑफिसात होते. तुमच्याजवळ सिबो होती.

रविवारची सभा तुम्हाला वर सांगितलीच. तिथेही मी उठून बोलू शकले असते. माइक माझ्या हातात दिलाही होता दीपकने. मी "सगळ्यांनी जेवून जा" म्हटलं आणि बसले.

काल सोमवारी सिबो तिच्या घरात घालायच्या चपला आणि कप न्यायला आली. मी चहा टाकला. आम्ही तिघी टेबलाशी बसलो, रिया आज परत जायची होती. चहा पिता पिता रिया म्हणाली, "सिबो, आय वॉन्ट टु राइट अबाउट आजोबा अगेन. मोठं. फॉर माय हिस्टरी क्लास. तुझ्या आजोबांबद्दल पण सांगशील? टू ग्रँडफादर्स, सेम डे, बोथ स्टेड होम." सिबो हो म्हणाली. तिच्या डोळ्यांत तेवढ्यात पाणी आलं. तिचे आजोबा खरोखर घरी बसले होते, नाना. त्या माणसाच्या शेजारी मी तुम्हाला बसवणार होते.

मी म्हटलं, "थांब, रिया." आणि सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, दोघींना कळावं म्हणून. गाडीत बसलात ते, मत कुणाला दिलंत ते, जोसेफला खोटं सांगितलंत ते. शेंगा खाल्ल्यात ते. तुम्ही मला हे सगळं खरं सांगितलं होतं आणि खोटं माझं होतं, हे दोनदा सांगितलं, म्हणजे माझं खोटं तुमच्या माथी जायला नको.

रिया म्हणाली, "त्या एसेवर नाव माझं होतं, आई. माय नेम." मी तिच्या हाताला हात लावला, तो तिने काढून घेतला. "ही वॉन्टेड यू टु टेल मी? आणि तू ही डजंट लाइक टु टॉक अबाउट इट म्हणालीस?" ती वर निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आज सकाळी मिलिंदने तिला बसला सोडलं, माझ्याशी ती बोलली नाही. हे मी लिहून मंडळाच्या पुढच्या अंकाला देणार आहे. छापतील का, माहीत नाही, पण रियाला मी स्वतः पाठवणार आहे.

काल सिबो मात्र टेबलाशीच बसून होती. चहावर साय धरली होती. तिने विचारलं, "त्या दिवशी त्यांच्या खोलीत ते काय म्हणाले होते? खरं काय म्हणाले होते?"

मी सांगितलं. आय व्होटेड.

"तसं नाही," ती म्हणाली. "ते म्हणाले तसं म्हण. तुमच्या भाषेत."

मी म्हटलं, "मी मत दिलं."

तिने ते हळूहळू स्वतःशी म्हणून बघितलं. मी मत दिलं. मला वाटलं, ती उच्चार जमवते आहे. पण तिला ते शब्द पाठ होते, नाना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हेच ते रोज म्हणायचे. मी आंघोळ घालायचे तेव्हा, कूस बदलायचे तेव्हा. शेवटच्या सकाळीसुद्धा हेच म्हणाले. आणि तू मला सांगितलं होतंस याचा अर्थ काय, म्हणून मी दर वेळी त्यांना म्हणायचे, यू आर वेलकम."